दिसत नसताना संगणकावर सिनेमा, मालिका आणि यूट्यूब कसं लावायचं

घरात वायफाय आहे, लॅपटॉपवर स्क्रीन रीडर बोलतोय, तरी सिनेमा लावायची वेळ आली की आतल्या खोलीत हाक जाते, "जरा येऊन प्लेचं बटण दाबून दे ना." ही हाक मारायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा मजकूर आहे. महागडं काही लागत नाही. कुठली कळ कुठे चालते, पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत, सिनेमाचा आवाज आणि स्क्रीन रीडरचा आवाज एकमेकांवर चढले तर काय करायचं, एवढं माहीत असावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दोन अडचणी जास्तीच्या: लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि गावाकडे नेट म्हणजे बहुतेक घरी मोबाईलचा हॉटस्पॉट. त्यांचाही हिशोब पुढे केला आहे.

सगळं विंडोज १० किंवा ११, एनव्हीडीए आणि क्रोम किंवा एज धरून लिहिलं आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातली एनव्ही ॲक्सेस ही संस्था तो बनवते आणि २००६ पासून त्याचं काम चालू आहे. पुढे जिथे "एनव्हीडीए कळ" म्हटलं आहे तिथे इन्सर्ट समजा, किंवा तुम्ही तशी निवड केली असेल तर कॅप्स लॉक. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी कळा वेगळ्या आहेत, पण अडचणी त्याच आहेत.

आधी आवाजाची बैठक

बहुतेक जण थेट सिनेमा शोधायला लागतात आणि तिथेच वैतागतात. आधी दहा मिनिटं आवाजाला द्या.

मराठी नावं वाचली जातात का ते बघा. फक्त इंग्रजीचा आवाज लावलेला असेल तर देवनागरी मजकूर बऱ्याचदा नुसता गाळला जातो, आणि यूट्यूबवर अहिराणी गाण्यांच्या यादीत शीर्षकांच्या जागी शांतता ऐकू येते. लोकांना वाटतं पान उघडलंच नाही. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि व्ही दाबून बोलण्याच्या सेटिंग्ज उघडा. सिंथेसायझर, म्हणजे मजकुराचा आवाज करणारा भाग, ईस्पीक असेल तर आवाजांच्या यादीत मराठी आहे. त्याचा सूर यांत्रिक आहे, पण वेगात बोलतो आणि अडखळत नाही. मऊ आवाज हवा असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग स्पीच, मग ॲड व्हॉइसेस असं जाऊन हिंदी घ्या. नंतर एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एस दाबून विंडोज वनकोअर निवडा. हेमंत किंवा कल्पना हे हिंदी आवाज देवनागरी व्यवस्थित वाचतात.

दुसरी गोष्ट, पान उघडताच एनव्हीडीए वरपासून खालपर्यंत सगळं वाचत सुटतो आणि तोवर व्हिडिओही चालू झालेला असतो. दोन्ही आवाज एकात एक. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि बी दाबा, ब्राउझ मोडच्या, म्हणजे वेबपान वाचत फिरण्याच्या पद्धतीच्या, सेटिंग्ज उघडतील. त्यात पान उघडल्यावर आपोआप वाचण्याचा चेकबॉक्स आहे, त्याची खूण काढा. एवढ्याने निम्मा गोंधळ थांबतो.

एनव्हीडीए बोलतो तेव्हा सिनेमाचा आवाज तेवढ्यापुरता खाली जावा असं वाटत असेल तर एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि डी. ही सोय एनव्हीडीए संगणकावर रीतसर इन्स्टॉल केलेला असेल तरच मिळते. पेनड्राइव्हवरच्या पोर्टेबल प्रतीत मिळत नाही. "माझ्याकडे चालत नाही" म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक हेच निघतं.

२०२४.२ या आवृत्तीपासून आवाज दोन कानांत वाटून घेता येतो. एनव्हीडीए कळ, ऑल्ट आणि एस दाबलं की एनव्हीडीए डाव्या कानात आणि बाकी सगळं उजव्या कानात. शोधाशोध करताना हे फार कामाचं आहे. पण यात आवाज मिसळून एका बाजूला आणला जात नाही, दुसरी बाजू सरळ बंद केली जाते. म्हणजे सिनेमात डावीकडून येणारा आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही, आणि नेमकं दार वाजण्याचं किंवा कुजबुजण्याचं काही त्या बाजूला असेल तर गेलं. म्हणून सिनेमा शोधून लावेपर्यंत ही सोय चालू ठेवा, सुरू झाला की त्याच कळांनी बंद करा. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीतला मोनो ऑडिओ चालू असेल तर दोन्ही कानांत पुन्हा सगळं एकच ऐकू येईल, तो आधी बंद करा. आणि एनव्हीडीए मध्येच कोसळला तर क्रोमचा आवाज एकाच कानात अडकून राहू शकतो. एनव्हीडीए परत सुरू केला की सुटतो.

सगळं घर एकत्र बघणार असेल तर चांगला उपाय म्हणजे दोन वेगळी साधनं. सिनेमाचा आवाज टीव्हीतून किंवा मोठ्या स्पीकरमधून, आणि एनव्हीडीए फक्त तुमच्या इअरफोनमध्ये. त्यासाठी यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लागतं, मोबाईलच्या दुकानात स्वस्तात मिळतं. ते लावा, त्यात तारेचा इअरफोन घाला, आणि एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट डिव्हाइस म्हणून ते कार्ड निवडा. नव्या आवृत्त्यांत हा पर्याय ऑडिओ विभागात आहे, जुन्यांत सिंथेसायझर निवडण्याच्या खिडकीत. कार्ड लावताक्षणी विंडोज बरेचदा त्यालाच मुख्य साधन करून टाकतं आणि सिनेमाही इअरफोनमध्ये येतो. तसं झालं तर सिस्टिम, साउंडमध्ये जाऊन टीव्ही किंवा स्पीकर पुन्हा मुख्य करा. मध्येच कार्ड निसटलं तर एनव्हीडीए मुख्य साधनातून, म्हणजे सगळ्यांसमोर बोलू लागेल, तेव्हा कार्ड ओढलं जाणार नाही अशा बाजूच्या पोर्टात लावा.

इअरफोन तारेचाच बरा. ब्लूटूथवर कळ दाबल्यापासून बोल ऐकू येईपर्यंत मध्ये वेळ जातो, आणि शांततेनंतरच्या पहिल्या शब्दाचं डोकं उडतं: "प्ले बटण" ऐवजी नुसतं "टण". ब्लूटूथच वापरायचा असेल तर एनव्हीडीएच्या प्रगत सेटिंग्ज किंवा ऑडिओ विभागात बोलून झाल्यावर साधन जागं ठेवण्याचा वेळ असतो, तो वाढवा.

यूट्यूब: कळांचा गोंधळ इथेच सुटतो

कळफलकावरून चालवायला यूट्यूबइतकी सोपी जागा दुसरी नाही. म्हणून शिकायची सुरुवात इथून करा, पैसे भरून घ्यायच्या सेवा नंतर.

यूट्यूबच्या स्वतःच्या कळा अशा: के म्हणजे थांबव किंवा चालव. जे म्हणजे दहा सेकंद मागे, एल म्हणजे दहा सेकंद पुढे. डावा-उजवा बाण पाच सेकंद. वर-खाली बाण आवाज. एम म्हणजे मुका. शून्य ते नऊ आकडे दाबले की व्हिडिओच्या त्या दहाव्या भागावर उडी, म्हणजे पाच दाबलं की बरोबर मध्यावर. शिफ्ट आणि एन पुढचा व्हिडिओ. शिफ्टबरोबर पूर्णविरामाची कळ वेग वाढवते, शिफ्टबरोबर स्वल्पविरामाची कळ कमी करते.

आता अडचण. एनव्हीडीए वेबपानावर ब्राउझ मोडमध्ये असतो, आणि तिथे याच अक्षरांना त्याचे स्वतःचे अर्थ आहेत. के दाबलं की पुढची लिंक, एल दाबलं की पुढची यादी, सी दाबलं की कॉम्बो बॉक्स. म्हणजे तुम्ही व्हिडिओ थांबवायला के दाबता आणि एनव्हीडीए शांतपणे पुढच्या लिंकवर जाऊन बसतो. व्हिडिओ चालूच. यूट्यूब बिघडलेलं नसतं आणि कळफलकही बिघडलेला नसतो, फक्त मोड चुकलेला असतो.

सोडवायचं असं. व्हिडिओ उघडल्यावर बी दाबत प्ले किंवा पॉझच्या बटणावर या. तिथे एनव्हीडीए कळ आणि स्पेस दाबा. टाइपरायटरसारखा खट् आवाज येईल, तो फोकस मोड. आता के, जे, एल यूट्यूबला मिळतील. पान वाचायचं असेल, टिप्पण्या बघायच्या असतील, तर पुन्हा एनव्हीडीए कळ आणि स्पेस. हे दोन आवाज कानाला ओळखीचे झाले की पुढे कधी अडकणार नाही. एखादीच कळ यूट्यूबला द्यायची असेल तर मोड बदलायचीही गरज नाही: एनव्हीडीए कळ आणि एफ२ दाबा, आणि लगेच के.

फोकस मोडमध्येही के चालत नसेल तर तुम्ही शोधाच्या किंवा टिप्पणीच्या चौकटीत आहात, आणि तिथे "के" लिहिलं जातंय. एस्केप दाबून बाहेर या. आणि एनव्हीडीए दर सेकंदाला मिनिटं-सेकंद मोजत बसला असेल तर तुमचा फोकस वेळेच्या पट्टीवर आहे. टॅब दाबून शेजारच्या बटणावर सरका, मोजणी थांबेल.

शोधायचं असेल तेव्हा ब्राउझ मोडमध्ये ई दाबलं की शोधाची चौकट येते. लिहून एंटर, मग एच दाबत एकेक शीर्षक ऐका. इकडचे व्हिडिओ शोधताना एक लक्षात ठेवा: अहिराणी गाणी, खान्देशी विनोदी भाग टाकणारे बरेच जण शीर्षक इंग्रजी लिपीत लिहितात. त्यामुळे "अहिराणी" आणि "खान्देशी" हे शब्द एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत टाकून शोधा. दोन्ही वेळी वेगवेगळी यादी येते.

व्हिडिओ अचानक दुसऱ्याच भाषेत बोलू लागला तर घाबरू नका. यूट्यूब काही व्हिडिओंना आपोआप केलेलं डबिंग लावतं. सेटिंग्जच्या बटणावर एंटर दाबून ऑडिओ ट्रॅकमध्ये जा आणि ज्यापुढे ओरिजिनल लिहिलंय तो निवडा. याच सेटिंग्जमध्ये क्वालिटी आहे, तिथून १४४, म्हणजे सगळ्यात हलकं चित्र, निवडता येतं. त्याचा फायदा खाली डेटाच्या भागात. मेन्यूत बाण दाबल्यावर मेन्यू न हलता आवाजच कमी-जास्त होत असेल तर मेन्यू उघडलेलाच नाही, परत बटणावर जाऊन एंटर दाबा.

पाककृती, शेतीचे सल्ले, सरकारी योजनांची माहिती अशा व्हिडिओंसाठी वर्णनाचा भाग उघडून "ट्रान्स्क्रिप्ट दाखवा" हे बटण शोधा. ते असेल तर सगळं बोलणं मजकुराच्या रूपात वाचता येतं, हव्या त्या वाक्यावर एंटर दाबून व्हिडिओ तिथून लावता येतो. पण जिथे माणूस काही न बोलता पडद्यावर औषधाचं प्रमाण किंवा फोन नंबर लिहून दाखवतो तिथे व्हिडिओ थांबवा, एनव्हीडीए कळ आणि आर दाबा. विंडोजची अक्षरओळख पडद्यावरचे आकडे आणि इंग्रजी अक्षरं वाचून दाखवते, देवनागरीचा भरवसा धरू नका. स्क्रीन कर्टन, म्हणजे पडदा काळा करणारी एनव्हीडीएची सोय, चालू असेल तर हे होत नाही, तो आधी बंद करायचा. फवारणीचं प्रमाण या वाचनावर विसंबून कधीही ठरवू नका; एखादं दशांश चिन्ह सुटलं तर पीक जातं. डब्यावरची चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घ्या.

ऑडिओ डिस्क्रिप्शन कुठे मिळतं

संवादांच्या मधल्या जागेत एक निवेदक पडद्यावर काय चाललंय ते सांगतो: कोण आत आलं, कुणी कुणाकडे कसं बघितलं, हातात काय आहे. हाच तो ऑडिओ डिस्क्रिप्शनचा ट्रॅक. तो असला की सिनेमा पूर्ण कळतो. नसला की मारामारी म्हणजे पाच मिनिटांचा धडाधड आवाज.

संगणकावर भारतातून बघायचं तर ऑडिओ डिस्क्रिप्शनसाठी नेटफ्लिक्स पहिलं. तिथे २०१५ मध्ये ही सोय सुरू झाली आणि त्यांच्या स्वतःच्या निर्मितीवर बहुतेक ठिकाणी ती असते. जास्त इंग्रजीत, काही हिंदी निर्मितींवर हिंदीतही. ॲपल टीव्हीच्या स्वतःच्या सगळ्या निर्मितींना वर्णन असतं, पण आपल्याला हवं तसं भारतीय काही तिथे नाही. प्राइम व्हिडिओवर काही ठिकाणी असतं, काही ठिकाणी नसतं. मराठी सिनेमांना मराठीतलं वर्णन मोठ्या सेवांवर शोधून सापडणं कठीण, आणि फक्त मराठी सिनेमांसाठी पैसे भरणार असाल तर वर्णन मिळेल या आशेवर भरू नका.

पैसे भरण्याआधी तपासता येतं. नेटफ्लिक्सच्या कुठल्याही सिनेमाचं पान खातं नसताना उघडतं, आणि त्यावर ऑडिओ या नावाखाली भाषांची यादी असते. त्या यादीत भाषेच्या नावापुढे ऑडिओ डिस्क्रिप्शन असे शब्द आहेत का, ते एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एफ दाबून शोधा. प्राइमच्या पानावरही ऑडिओच्या भाषांची यादी असते. अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड या संस्थेच्या ऑडिओ डिस्क्रिप्शन प्रोजेक्टच्या साइटवर सगळ्या सेवांच्या याद्या आहेत, मात्र त्या अमेरिकेच्या हिशोबाने. तिथे दिसलं म्हणजे इथे असेलच असं नाही.

प्लॅन निवडताना चूक होते ती "मोबाईल" या नावाच्या स्वस्त प्लॅनची. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले तेव्हापासून मोबाईल प्लॅन १४९ आणि बेसिक १९९ रुपयांचा. पहिला लॅपटॉपवर चालत नाही, दुसरा चालतो. पन्नास रुपयांसाठी फसू नका, आणि उलट बाजूने ६४९ च्या प्रीमियमकडेही बघू नका. त्यात जास्तीचे पैसे मुख्यतः चित्राच्या बारकाव्याचे आणि एकाच वेळी जास्त पडद्यांवर बघण्याचे आहेत. रिचार्जबरोबर फुकट मिळणाऱ्या सेवाही बरेचदा फक्त मोबाईलपुरत्या असतात. सुरू करण्याआधी लॅपटॉपवर चालते का, तेवढं एक वाक्य ऐकून घ्या.

पैसे भरणं मोबाईलच्या ॲपवरून करणं सोपं पडतं, कारण संगणकावर बरेचदा क्यूआर कोड समोर येतो आणि तो स्क्रीन रीडरला नुसतं चित्र. ओटीपीच्या ठिकाणी चार किंवा सहा वेगळ्या चौकटी असतील तर पहिल्या चौकटीत जाऊन सगळे आकडे सलग टाका. प्रत्येक आकड्यानंतर फोकस आपोआप पुढे जातो. मध्ये टॅब दाबला तर एक चौकट रिकामी राहते.

नेटफ्लिक्सच्या प्लेअरमध्ये

सगळ्यात आधी प्लेबॅक सेटिंग्जमध्ये जाऊन ब्राउझ करताना आपोआप वाजणाऱ्या झलकांची खूण काढा. नाहीतर यादीतून फिरताना प्रत्येक सिनेमा ओरडत राहतो आणि एनव्हीडीए काय म्हणतोय ते कळत नाही. घरच्यांपासून वेगळं स्वतःचं प्रोफाइल करा. निवडलेली भाषा बहुतेक वेळा प्रोफाइलच्या लक्षात राहते, म्हणजे तुमच्यासाठी वर्णन आपोआप लागतं आणि घरच्यांना ते नको असताना लागत नाही.

ऑडिओ डिस्क्रिप्शन असलेल्या सगळ्याची यादी हवी असेल तर पत्त्यात नेटफ्लिक्स डॉट कॉमनंतर स्लॅश ब्राउझ आणि स्लॅश ऑडिओ डिस्क्रिप्शन असं इंग्रजीत, शेवटच्या दोन शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन लिहा.

सिनेमा चालू झाल्यावर लोक अडकतात ते इथे. प्लेअरची बटणं माउस काही सेकंद हलला नाही की गायब होतात. नुसती दिसेनाशी होत नाहीत, पानातूनच जातात, म्हणून बी दाबलं तर एनव्हीडीए म्हणतो पुढे बटण नाही. उपाय साधा आहे: एक हात माउसवर किंवा टचपॅडवर ठेवा, किंचित हलवा, आणि लगेच बी दाबत ऑडिओ अँड सबटायटल्सपर्यंत जा. एंटरने उघडत नसेल तर एनव्हीडीएने माउस त्या बटणावर आणा. मोठ्या कळफलकावर त्यासाठी एनव्हीडीए कळ आणि नंपॅडवरची भागाकाराची कळ. लॅपटॉपच्या मांडणीत एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि एम. मग यादीत खाली बाण दाबत ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिलेल्या भाषेवर एंटर. मध्येच बटणं गेली तर पुन्हा माउस हलवा. आधी स्पेसने सिनेमा थांबवून केलं तर घाई होत नाही.

लागलंय का ते ओळखायला सिनेमाचं अगदी पहिलं मिनिट ऐका. निर्मात्या कंपनीचं बोधचिन्ह येतं तिथेच निवेदक बोलू लागतो. निवेदक नाही म्हणजे निवड लागली नाही.

फोकस मोडमध्ये स्पेस थांबवते, डावा-उजवा बाण दहा सेकंद हलवतो, एम मुकं करतो, एस सुरुवातीचं गाणं ओलांडतो. प्राइमवर स्पेस आणि बाण असेच. सिनेमा सुरू झाला की एनव्हीडीएने मध्ये बोलू नये म्हणून एनव्हीडीए कळ आणि एस दाबत "मागितल्यावर बोलणे" हा मोड आणा. मग तो वेळ किंवा शीर्षक विचारलं तरच बोलतो. "बोलणे बंद" मोडमध्ये सिनेमा बघू नका. विसरून दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला की वाटतं एनव्हीडीए मेला.

नेटफ्लिक्ससारख्या सेवांवर अक्षरओळख चालत नाही. चोरी होऊ नये म्हणून चित्राला कुलूप असतं आणि अक्षरओळखीला बहुतेक वेळा नुसती काळी चौकट मिळते. पडद्यावरच्या चिठ्ठ्या, पत्रं, मोबाईलचे संदेश कळण्यासाठी तिथे वर्णनाचाच ट्रॅक हवा.

काही सेवांच्या वेबसाइटवर प्लेअरमधल्या बटणांना नावंच दिलेली नसतात. एनव्हीडीए प्रत्येकाला नुसतं "बटण" म्हणतो. तेव्हा क्रम पाठ करावा लागतो: दुसरं बटण काय करतं, पाचवं काय करतं. चालतं, पण साइट बदलली की सगळं पाठांतर वाया. अशा सेवेचं वर्षाचं पॅकेज घेऊ नका, महिन्याचंच घ्या.

डेटा आणि लाइट

इथे आपला फायदा आहे, आणि तो पुरेपूर घ्यावा. चित्राचा दर्जा आपल्याला नको, म्हणून डेटा फार थोडा लागतो. नेटफ्लिक्सच्या प्लेबॅक सेटिंग्जमध्ये डेटा "लो" केला की तासाला ०.३ जीबीपर्यंत जातो. "हाय" वर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर "लो" मध्ये पाच तास, "हाय" मध्ये अर्धा तास. यूट्यूबवर चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात, त्यामुळे १४४ केलं तरी आवाज फारसा बिघडत नाही. खर्च तासाला साधारण शंभर एमबीच्या आसपास येतो.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर विंडोजमध्ये नेटवर्क, वायफाय, जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मीटर्ड कनेक्शन चालू करा. नाहीतर सिनेमा चालू असताना विंडोजचे अपडेट मागून डेटा संपवतात, आणि रोजचा कोटा संपला की बऱ्याच पॅकचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात आवाजही धड येत नाही.

राऊटरच्या घरांत लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण नेट जातं. राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते कुणाकडून वाचून घ्या. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही असतात, आणि चुकीचा लावला तर राऊटर जळतो. पिनची जाडीही तपासा.

लॅपटॉपची बॅटरी वाचवायची तर पडद्याची उजेडपातळी शून्यावर आणा. एनव्हीडीएचा स्क्रीन कर्टन पडदा काळा करतो, शेजारच्याला काही दिसत नाही, पण साध्या एलसीडी पडद्याच्या मागचा दिवा चालूच असतो, त्यामुळे बॅटरी वाचत नाही. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालची हवेची जागा बंद झाली की तापून संथ होतो आणि पहिला एनव्हीडीए अडखळायला लागतो.

डाउनलोड करून ठेवायचं असेल तर नेटफ्लिक्सच्या विंडोज ॲपमधून २०२४ पासून ती सोय गेली आहे. मोबाईलच्या ॲपमध्ये आहे. प्राइमच्या विंडोज ॲपमध्ये आहे का ते आधी बघा. डाउनलोड झाल्यावर नेट बंद करून वर्णनाचा ट्रॅक वाजतो का ते घरीच बघा, भुसावळहून गाडीत बसल्यावर नको.

वर्णन नसेल तेव्हा

हिंदी सिनेमांसाठी एक्सएल सिनेमा हे मोबाईल ॲप बघा. त्यात सिनेमाच्या वर्णनाची फाइल आधी उतरवून घ्यायची. ॲप माइकमधून सिनेमाचा आवाज ऐकतं आणि वर्णन त्याच्याशी जुळवून तुमच्या कानात लावतं. घरचे टीव्हीवर नेहमीसारखा बघतात, तुमच्या एका कानात वर्णन. सगळे सिनेमे नाहीत, यादी आधी बघा. पंख्याचा आणि कुलरचा आवाज माइकला गोंधळात टाकतो, म्हणून मोबाईल स्पीकरजवळ ठेवा.

मराठीसाठी, वर्णन नसतानाही जे पूर्ण कळतं ते आधी निवडा: चित्रित केलेली नाटकं, कीर्तनं, मुलाखती. नाटकात जवळजवळ सगळं संवादात असतं. ॲक्शन सिनेमा किंवा शब्दाविना चालणारी प्रेमकथा घरच्याच माणसाबरोबर बघावी, आणि सांगणाऱ्याला दोन-तीन गोष्टी आधी सांगून ठेवा. संवाद चालू असताना बोलायचं नाही, मधल्या जागेत बोलायचं. आधी नाव, मग कृती: "आई दारात आली, हातात पत्र." "ती वाईट वाटून घेतेय" असं निष्कर्षाचं नको, "तिने तोंड फिरवलं" असं दिसलेलं हवं. आणि पुढे काय होणार ते माहीत असेल तर गप्प. अहिराणीत सांगितलं तरी उत्तम, घरात जी भाषा पटकन येते तीत सांगू द्या.

तक्रार लिहिताना

बटणांना नावं नाहीत किंवा वर्णन नाही, तर सेवेला लिहून कळवायलाच हवं. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमं ऑडिओ डिस्क्रिप्शनसह उपलब्ध व्हावीत असं म्हटलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने "पठाण" या सिनेमाच्या ओटीटीवरच्या आवृत्तीसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करण्याचा आदेश दिला, तोही दृष्टिबाधित आणि श्रवणबाधित लोकांच्या अर्जावरून. आणि माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार प्रत्येक ओटीटी सेवेला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्या अधिकाऱ्याचा ईमेल वेबसाइटच्या तळाशी असतो. कंट्रोल आणि एंड दाबून वर येत शोधा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्या सेवेच्या स्वयंनियमन संस्थेकडे, म्हणजे अशा सेवांनी मिळून नेमलेल्या देखरेखीच्या संस्थेकडे, आणि पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही अर्ज करता येतो.

"तुमची साइट चालत नाही" असं लिहू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. सिनेमाचं नाव, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, एनव्हीडीएची आवृत्ती, कुठल्या बटणावर काय ऐकू आलं आणि काय ऐकू यायला हवं होतं, हे लिहा. एनव्हीडीएची आवृत्ती एनव्हीडीए कळ आणि एन दाबून मदतीच्या मेन्यूत सापडते. पुरावा म्हणून स्क्रीनशॉटऐवजी एनव्हीडीएच्या मेन्यूतून टूल्स, मग स्पीच व्ह्यूअर चालू करा. एनव्हीडीए जे जे बोलतो ते सगळं त्या खिडकीत लिहिलं जातं. प्लेअरच्या बटणांवरून टॅबने एकदा शेवटपर्यंत जा, तो मजकूर कॉपी करा आणि ईमेलमध्ये जसाच्या तसा चिकटवा: "बटण, बटण, बटण, बटण."